‘ऑल ओरिजिनल’ हार्डटेलची खरी किंमत: एका ऑनलाइन मिनीबाइकचं प्रकरण

रिस्टोअर केलेल्या, म्हणजे जुनी असून नव्यासारखी करून घेतलेल्या गाडीत एक अडचण असते. रंग आणि क्रोम करताना गाडीचं वय सांगणाऱ्या खुणाही घासून निघतात. गंज, मूळ रंगाचे थर, बोल्टांवरचा जुना मुलामा, फ्रेमवरच्या नंबराभोवतीची मळकी कड या सगळ्यावरून गाडी खरी की जुळवलेली हे ओळखता येतं, आणि नेमकं तेच नाहीसं झालेलं असतं. म्हणून चकाकणाऱ्या गाडीला पुरावा जास्त मागावा लागतो. तो कसा मागायचा आणि मिळालेल्या उत्तरांवरून किंमत कशी काढायची, ते एका जाहिरातीवरून पाहू.

जाहिरात अमेरिकेतली आहे आणि प्रातिनिधिक आहे. अशा विक्रीत वारंवार जे आढळतं ते तिच्यात एकत्र आणलंय. डॉलरचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरतेच आहेत, त्यांना बाजारभाव समजू नये.

मजकूर असा: ‘१९७० होंडा मिनी ट्रेल ५०, हार्डटेल. फुल रिस्टोअर्ड, ऑल ओरिजिनल, मॅचिंग नंबर्स. इंजिन पूर्ण उघडून केलेलं, पहिल्या किकला सुरू. ४,२०० डॉलर, घासाघीस नको.’ सोबत बारा फोटो. कँडी लाल रंग, झगझगीत क्रोम, नवे टायर, नवी सीट.

मजकुरातच काय कळतं

ही गाडी म्हणजे होंडाची झेड५०ए. तिची पूर्वज झेड१०० ही १९६१ साली टोकियोजवळच्या तामा टेक या करमणूक उद्यानासाठी बनवलेली छोटी गाडी होती. झेड५०ए अमेरिकेत १९६८ पासून ‘मिनी ट्रेल’ नावाने विकली गेली. सुरुवातीच्या मॉडेलना मागे शॉकअप नाहीत, चाक सरळ फ्रेमला जोडलेलं असतं, म्हणून त्यांना हार्डटेल म्हणतात. १९७२ च्या के३ मॉडेलपासून मागे शॉकअप आले. त्यामुळे पहिली तपासणी फुकट होते: जाहिरातीत १९७० लिहिलंय आणि फोटोत मागे दोन शॉकअप दिसतायत, तर पुढे वाचायची गरज नाही. इथे शॉकअप नाहीत. चाकं आठ इंची, दोन भागांच्या बोल्टने जोडलेल्या रिमची, टायर ३.५०-८. घडीचं हँडल आणि ते आवळायच्या मुठी जागेवर आहेत. गाडी मोटारीच्या डिकीत मावावी म्हणून ही सोय होती. इथवर सगळं ठीक.

‘१९७०’ या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. त्या काळात कागदावर बरेचदा विक्रीचं वर्ष लिहिलं जाई, बनल्याचं नाही. गाडी हार्डटेलमधल्या कुठल्या आवृत्तीची आहे हे फ्रेम नंबराच्या मालिकेवरून आणि होंडाच्या पार्ट्स बुकवरून ठरतं. आवृत्तीप्रमाणे भावात फरक पडतो, तेव्हा हे आधी नक्की करावं.

‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे फ्रेम आणि इंजिनाचे नंबर जुळतात, या दाव्याला मात्र तिथेच थांबवावं. त्या काळच्या होंडावर फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर वेगवेगळ्या मालिकांचे असतात. कारखान्यातून निघतानाही ते साधारणपणे सारखे नसायचे. फार तर आवृत्ती एकमेकांशी जुळते. दोन्ही आकडे तंतोतंत एकच आहेत असं कोणी ठासून सांगत असेल, तर त्याला माहिती नाही किंवा नंबर नंतर पंच केलाय. दोन्ही शक्यतांत किंमत खालीच येते.

आणि ‘फुल रिस्टोअर्ड’ व ‘ऑल ओरिजिनल’ एका ओळीत बसत नाहीत. नवा रंग दिला म्हणजे रंग ओरिजिनल राहिला नाही, यात वाईट काही नाही. पण विक्रेत्याला ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय म्हणायचंय ते प्रत्येक पार्टासाठी वेगळं विचारलं पाहिजे. पार्ट चार प्रकारचा असू शकतो: याच गाडीबरोबर आलेला; होंडाचाच, पण दुसऱ्या गाडीवरून काढलेला; होंडाने बनवलेला पण कधी न बसवलेला जुना साठा; आणि नक्कल. चौघांना चार किमती आहेत. झेड५०ए साठी टाकी, सीट, मडगार्ड, सायलेन्सर, रिम, केबल अशी जवळपास प्रत्येक गोष्ट नक्कल म्हणून नवी मिळते, इंजिनसकट. म्हणून या गाडीत हा प्रश्न टाळून चालत नाही.

फोटोत काय नाही

बारा फोटोंपैकी इंजिनाचे चार, आणि चारही उजव्या बाजूने. डाव्या बाजूचा एकच, लांबून, तिरका. फ्रेम नंबराचा एकही नाही. गाडी उघडलेली असतानाचा, म्हणजे नुसती फ्रेम टेबलावर आणि इंजिन सुटं, असा एकही नाही. चांगलं काम करणारा माणूस ते फोटो काढतोच, कारण त्याच्या मेहनतीचा तोच पुरावा असतो. आमच्या मते उघडलेल्या गाडीचे फोटो नसणं हे खराब रंगापेक्षा मोठं उणं आहे.

विक्रेत्याला पाठवलेला निरोप असा होता. तो जसाच्या तसा वापरायला हरकत नाही:

‘गाडी आवडली. पुढच्या गोष्टी मिळाल्या तर लगेच निर्णय कळवतो. फ्रेम नंबराचा जवळून फोटो, बॅटरी (टॉर्च) एका बाजूने आडवी धरून. इंजिन नंबराचा तसाच फोटो, डाव्या बाजूला खाली असतो तिथला. दोन्हींवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा, शेजारी आजची तारीख लिहून. डाव्या कव्हरचा सरळ समोरून फोटो. टाकीच्या आतला, झाकण काढून. सीट उचलून खालचा. रंगकामाआधीचे जे काही फोटो असतील ते. आणि थंड इंजिन सुरू करतानाचा एक सलग व्हिडिओ: आधी इंजिनावर हात ठेवून दाखवा, मग किक, मग मागचं चाक उचलून सगळे गिअर.’

भाषा सौम्य ठेवायची आणि मागणी नेमकी. उत्तर यायला किती वेळ लागला यापेक्षा कोणता फोटो गाळला गेला ते पाहायचं.

फ्रेम

नंबर झेड५०ए ने सुरू होतो. या अक्षरांवरून एवढंच कळतं की फ्रेम झेड५०ए ची आहे. शॉकअपवाल्या मॉडेलवरही तीच अक्षरं येतात, पुढचे आकडे महत्त्वाचे. फोटोत आकडे बोथट आणि उथळ दिसत होते. ही शंकेची जागा आहे, पण घाई करू नये. फ्रेमला पावडर कोटिंग (भुकटी भाजून बसवलेला जाड रंग) केलेलं होतं. पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉन बसतो आणि त्यातच उथळ पंचिंग अर्धं भरून जातं. रंगाने बुजलेला आकडा आणि ग्राइंडरने घासून पुन्हा पंच केलेला आकडा हे दोन्ही वेगळे दिसतात.

फरक असा पाहायचा. बॅटरीचा उजेड पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पडू द्यायचा. खऱ्या पंचिंगमध्ये सगळे आकडे सारख्या खोलीचे, एकाच ठशाचे असतात. हाताने एकेक अक्षर ठोकलं की ती शिस्त मोडते: एखादा आकडा डोकं तिरकं करतो, कुठे एक बाजू खोल आणि दुसरी वर राहते, मधलं अंतर कमीजास्त होतं. घासलेल्या जागी नळीची गोलाई किंचित सपाट होते, आणि आडव्या उजेडात ती सपाटी उथळ खड्ड्यासारखी दिसते. पेन्सिलचा ठसा इथे फोटोपेक्षा उपयोगी ठरतो. रंगाची चमक त्यात येत नाही, फक्त उंचसखलपणा उतरतो. या गाडीच्या ठशात आकडे एका ओळीत, सारख्या अंतरावर आणि भोवतीची गोलाई अखंड निघाली. शिवाय विक्रेत्याला रंगकामाआधीचा एक फोटो सापडला. त्यात गंजलेल्या फ्रेमवर तोच नंबर स्पष्ट वाचता येत होता.

फ्रेम खरी. या गाडीच्या किमतीचा कणा तोच आहे, कारण बाकी सगळं पुन्हा मिळवता येतं.

त्याच जुन्या फोटोत फूटरेस्टचा आडवा बार एका बाजूला खाली वाकलेला दिसत होता आणि नव्या फोटोत सरळ होता. बदलला की गरम करून सरळ केला? विक्रेत्याने ‘सरळ केला’ असं लिहिलं. हे चालण्यासारखं आहे, फक्त बार जिथे बोल्टने बसतो तिथल्या पट्ट्यांना तडा नाही ना, हे गाडी हातात आल्यावर पाहायचं.

इंजिन

डाव्या बाजूचा फोटो आला. कव्हरवर होंडाचं नाव, पॉलिश छान. त्याच्या खाली क्रँककेसवरचा (इंजिनाच्या मुख्य ओतीव कवचावरचा) नंबर वाचल्यावर चित्र उलटलं: सुरुवात ‘१पी४७एफएमडी’.

हा होंडाचा नंबर नाही. या चिनी सांकेतिक पद्धतीत ‘१पी’ म्हणजे एक सिलिंडर, पुढचे दोन आकडे म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मिलिमीटरमध्ये, ‘एफ’ म्हणजे हवेने थंड होणारं, ‘एम’ म्हणजे मोटरसायकलसाठी, आणि शेवटचं अक्षर क्षमतेचा गट सांगतं. म्हणजे बोअर ४७ मिमी. ४१.४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) धरला की क्षमता येते जवळपास ७२ सीसी. होंडाचं मूळ इंजिन ३९ बाय ४१.४, म्हणजे ४९ सीसी, आणि त्याच्या क्रँककेसवरचा नंबर झेड५० ने सुरू होतो. ‘१पी३९’ दिसलं तर इंजिन ५० सीसीचं असेल, तरी होंडाचं नसेल. ‘१पी५२’ म्हणजे ११० च्या आसपास, ‘१पी५४’ म्हणजे १२५.

मग कव्हरवर होंडाचं नाव कसं? हे आडवं इंजिन होंडाच्या आराखड्यावरच बेतलेलं आहे. फ्रेमला ते मागच्या बाजूच्या दोन बोल्टांवर धरलेलं असतं, त्यामुळे नक्कल इंजिन बोल्टाला बोल्ट बसतं. तसंच होंडाचं जुनं कव्हर पुष्कळ नक्कल क्रँककेसवर चढतं. कव्हर सुटं असतं, म्हणून ते कशाचाही पुरावा नव्हे. नंबर क्रँककेसच्या ओतकामावर असतो, आणि वाचायचा तोच.

व्हिडिओने हे पक्कं केलं. किक मारल्यावर मागचं चाक उचलून विक्रेत्याने गिअर टाकले. लिव्हरचा टकटक आवाज मोजला: चार. झेड५०ए ला तीन गिअर आणि आपोआप सुटणारा क्लच असतो, हँडलवर क्लचची लिव्हर नसते. चौथा टक ऐकू आला की आतला गिअरबॉक्स मूळचा नाही. अशा व्हिडिओत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. किक मारताच निळसर धूर येऊन लगेच थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील झिजलेले. रेस केल्यावर धूर वाढत गेला तर रिंग आणि बोअर झिजलेले. इथे दोन्ही नव्हतं, इंजिन चांगलं होतं. फक्त ते दुसरंच होतं.

सीटखालच्या फोटोत लहानसा काळा सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डबा दिसला. मूळ गाडीत सहा व्होल्टचा मॅग्नेट (वीज तयार करणारा भाग) आणि त्याच्या आत पॉइंट (ठिणगी पाडणारे उघडझाप करणारे संपर्क) असतात, गॅप ०.३ ते ०.४ मिमी. सीडीआय असणं ही चालवायला सोय आहे, पॉइंट घासण्याची कटकट मिटते. पण ‘ऑल ओरिजिनल’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या गाडीत त्या डब्यापायी मॅग्नेट, कॉइल आणि वायरिंग असं सगळं बदलावं लागतं.

विक्रेत्याने फसवायचं ठरवलं होतं असं मानण्याची गरज नाही. अशा गाड्या दोन-तीन हात फिरलेल्या असतात. इंजिन आधीच्या मालकाने बदललेलं असतं, पुढचा कव्हरवरचं नाव वाचून ‘होंडा इंजिन’ लिहितो. हेतू कोणताही असो, किमतीचं गणित तेच राहतं.

बाकीचे पार्ट

टाकीच्या आत पत्रा नवा कोरा, ना गंजाचा डाग ना लायनरचा थर. पन्नास वर्षांची टाकी आतून इतकी स्वच्छ असेल तर ती आम्लाने धुऊन आतून कोट केलेली तरी असते किंवा नवी तरी. कोट नाही, म्हणजे नवी. टाकी जुनी निघाली असती तर आणखी एक चाचणी होती: लोहचुंबकाखाली पातळ कागद धरून बाहेरून फिरवायचा. जिथे पकड एकदम ढिली पडते तिथे लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचं लुकण) भरलेली असते.

सायलेन्सरही नवा, विक्रेत्याने स्वतःच कबूल केलं. रिम जुन्या, पुन्हा क्रोम केलेल्या. कडेला क्रोमखाली जुन्या गंजाचे बारीक खड्डे दिसत होते, आणि ते इथे चांगलं लक्षण आहे. सीट, केबल, ग्रिप नकली असल्या तरी किंमत फार हलत नाही, त्या झिजायच्याच वस्तू.

एक छोटी खूण स्क्रूंची. जपानी गाडीच्या मूळ फुलीच्या स्क्रूवर बरेचदा एक बारीक ठिपका दाबलेला असतो, जपानी मानकाची खूण. इथे इंजिन कव्हरवर सगळीकडे नवे ॲलन बोल्ट होते. ते चांगले टिकतात, पण जिथे एकही जुना स्क्रू शिल्लक नाही तिथे काम दिसण्यासाठी झालंय, जपण्यासाठी नाही, असं धरायला हरकत नाही.

अमेरिकन मिनीबाइक असती तर

हीच पद्धत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनाच्या अमेरिकन मिनीबाइकला जशीच्या तशी लागत नाही. तिथे मॉडेल, टाइप आणि कोड हे तीन आकडे इंजिनाच्या पत्र्याच्या आवरणावर ठोकलेले असतात. मॉडेल ८०२०२ असेल तर ८ म्हणजे क्षमता सुमारे ८ घन इंच, तिसरा आकडा २ म्हणजे आडवा शाफ्ट आणि पल्सा-जेट कार्बोरेटर, शेवटचा २ म्हणजे दोरी आपोआप गुंडाळणारा स्टार्टर. १३०२०२ म्हणजे त्याच घडणीचं १३ घन इंचांचं, पाच हॉर्सपॉवरचं. कोडमध्ये पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, मग दिवस: ७००५१२ ने सुरू होणारा कोड म्हणजे १२ मे १९७०. गाडी १९६८ ची सांगितली आणि कोड ७१ ने सुरू होत असेल तर निदान ते आवरण तरी नंतरचं.

पण आवरण हा काही बोल्टांवर बसणारा पत्रा आहे. जुन्या आवरणाखाली वेगळं इंजिन लपवणं दहा मिनिटांचं काम. शिवाय त्या गाड्यांपैकी कित्येकांच्या फ्रेमवर पंच केलेला नंबरच नसतो, असते ती रिव्हेट केलेली पट्टी किंवा नुसता स्टिकर. तिथे भर द्यायचा तो फ्रेमच्या घडणीवर: नळीचा व्यास, वेल्डिंगच्या जागा, इंजिन प्लेटची भोकं, त्याच मॉडेलच्या न उघडलेल्या गाडीशी ताडून.

हिशेब

सगळ्यात जास्त चूक सुरुवातीच्या आकड्यात होते. लोक चालू जाहिरातींची सरासरी काढतात. न विकल्या गेलेल्या गाड्या महिनोन्महिने तिथेच पडून असतात आणि त्यांचे मागितलेले भाव सरासरी फुगवतात. घ्यायच्या त्या झालेल्या विक्री, त्याही त्याच आवृत्तीच्या, आणि त्या किमती चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पकडायचा. एका लिलावात दोघांच्या ईर्ष्येतून चढलेली किंमत मधल्या आकड्याला हलवत नाही, सरासरीला हलवते.

समजा, खरी फ्रेम, खरं इंजिन आणि चांगलं रिस्टोरेशन असलेल्या हार्डटेलचा मधला आकडा ३,६०० डॉलर निघाला. या गाडीत काय उणं? मूळ इंजिन शोधून, उघडून, पॉइंट-मॅग्नेटसह बसवायला १,१०० धरले. खरी टाकी १८०. खरा सायलेन्सर १५०. काढलेलं नक्कल इंजिन चालू असल्याने त्याचे २०० परत येतील. ३,६०० मधून १,४३० वजा, त्यात २०० मिळवले: २,३७०. यातून आणखी दहा टक्के, म्हणजे २३७, जोखमीपोटी काढले. मूळ इंजिन अंदाजात मिळेल याची खात्री नसते, आणि न पाहता घेतलेल्या गाडीत काहीतरी निघतंच. उरले २,१३३. वाहतूक यात धरलेली नाही, ती खरेदीदाराच्या खिशातून वेगळी जाते आणि बोली लावताना तिचाही विचार हवा.

विक्रेत्याचा युक्तिवाद अपेक्षित होता: क्रोमला इतके गेले, पावडर कोटिंगला इतके, वर मजुरी. ही बिलं खरी असतात, पण ती किमतीत जशीच्या तशी चढत नाहीत. ३,६०० या आकड्यात चांगला रंग आणि क्रोम आधीच मोजलेले आहेत. ते पुन्हा जोडले तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजल्यासारखे होतील. आणि एक गोष्ट आवर्जून लिहावीशी वाटते. याच मॉडेलची गंजलेली, पण मूळ रंगातली, मूळ इंजिन आणि टाकी शाबूत असलेली गाडी २,१३३ पेक्षा जास्त देऊनही घेण्याजोगी आहे. तिला रंग कधीही देता येतो.

उलट, ज्याला रविवारी मुलांबरोबर मैदानात गाडी फिरवायची आहे त्याला ७२ सीसी आणि सीडीआय हा फायदाच आहे. त्याने इंजिनाचे १,१०० वजा करायचं कारण नाही. मात्र त्याने तुलनाही तशाच मिसळ गाड्यांच्या विक्रीशी करावी, मूळ गाड्यांच्या नाही. घेणारा आधी कोण आहे ते ठरलं की पायाचा आकडा ठरतो.

बोली आणि पावती

बोली २,१०० ची गेली, सोबत क्रँककेस नंबराचा फोटो आणि वरचा हिशेब. आरोप नाही, विशेषणं नाहीत. विक्रेता आधी ३,५०० वर आला, मग जाहिरातीतले ‘ऑल ओरिजिनल’ आणि ‘मॅचिंग नंबर्स’ हे शब्द काढून २,४०० वर. सौदा २,२५० ला झाला. १५० जास्त गेले ते फ्रेमच्या रंगकामाआधीच्या फोटोसाठी. पुढे गाडी विकताना तो फोटो पैसे परत मिळवून देतो, म्हणून मूळ फाइलच मागून घेतली.

पावतीवर ‘होंडा मिनीबाइक, एक नग’ एवढंच लिहून चालत नाही. फ्रेम नंबर, इंजिन नंबर जसा क्रँककेसवर आहे तसा, ‘इंजिन होंडाचं नाही, टाकी व सायलेन्सर नवे’ हे वाक्य, तारीख आणि सही हवी. रस्त्यासाठी नसलेल्या अशा गाड्यांना अमेरिकेत कित्येकदा मालकीचं टायटल नसतं आणि राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. म्हणून पैसे देण्याआधी फ्रेम नंबर चोरीच्या नोंदीत नाही याची स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी. टायटल असेल तर त्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा ठसा अंकाअंकाने ताडावा. रक्कम अशा मार्गाने द्यावी की वर्णन जुळलं नाही तर ठरलेल्या मुदतीत परत मागता येईल.

गाडी आली की आधी किक मारायची नाही. खोका उघडतानाचा व्हिडिओ, दोन्ही नंबरांचा ठसा स्वतः घेऊन विक्रेत्याच्या ठशाशी ताडणं, फूटरेस्टच्या पट्ट्या आणि इंजिनाचे दोन्ही बोल्ट पाहणं, तेलाची पातळी तपासणं. प्रवासात तेल गळून गेलेलं असू शकतं, आणि कोरड्या इंजिनाला किक मारली तर झालेलं नुकसान आधीचं की आताचं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.